बुडून निघालेली बोट

रामदास टेंभुर्णे बोट घेणार आहेत, ही बातमी हडपसरच्या त्यांच्या सोसायटीत दोन दिवसांत सगळ्यांना कळली. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी जिन्यात त्यांच्या बायकोला, हिराला, थांबवून अगदी गंभीरपणे विचारलं, "बोट कालव्यात चालवणार, की गच्चीवरच्या टाकीत?" हिरा हसली. गेली चार वर्षं बाहेरच्यांच्या प्रश्नांना ती अशीच हसून उत्तर देत होती आणि वर येऊन दार लावून घेत होती. या वेळी मात्र दार लावल्यावर तिला आत माणसाची चाहूल लागली. रामदास गॅलरीत उकिडवा बसून पटाशीला धार लावत होता. दगडावर तेल टाकून, अंगठ्याने पातं दाबून, सावकाश. तो आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

रामदास मूळचा भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचा. आयटीआय करून चौऱ्याहत्तर साली पुण्याला आला आणि हडपसरच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून लागला. लोखंडाचा पंप ओतायचा, तर आधी तो लाकडाचा करावा लागतो. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पंप किंचित मोठा ठेवायचा. हे किंचित म्हणजे नेमकं किती, ते रामदासच्या हाताला कळायचं. मोठे साहेब परदेशी पाहुण्यांना त्याच्या टेबलापाशी मुद्दाम घेऊन यायचे. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला कंपनीत कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. नव्याने लागलेले इंजिनिअर पडद्यावर आकृती काढायचे आणि मशीन लाकूड कोरून द्यायचं. रामदासला स्टोअरमध्ये बसवलं. पुढच्या वर्षी व्हीआरएसचा कागद समोर आला. त्याने तो घरी आणला, हिराला वाचून दाखवला आणि सही केली.

त्यानंतर वर्षभर तो घरीच छोट्या कारखान्यांसाठी पॅटर्न करत होता. गॅलरीत भुशाचा ढीग असायचा, पण हिराची तक्रार नव्हती. ती सरकारी कचेरीत लिपिक होती. संध्याकाळी घरी आल्यावर आधी झाडू घ्यायची आणि मग चहा टाकायची. एक दिवस एक पॅटर्न परत आला. दोन सूत, म्हणजे पाव इंच, चुकला होता. रामदासने तो तीन वेळा मोजून पाहिला. चूक त्याचीच होती. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तो अख्खा पावसाळा त्याने भिंतीकडे तोंड करून काढला. जेवायला बोलावलं की येई, दोन घास खाऊन पुन्हा आत जाई. अंगावरचे शर्ट सैल झाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, विहारातले भंते येऊन शेजारी बसून गेले, मुलगी राजनंदिनी बंगळूरहून रजा टाकून आली. कुणाचाच काही उपयोग झाला नाही. हिरा रोज कचेरीत निघताना बाहेरून कडी लावावी की नाही, याचा विचार करत दारात थांबायची. पावसाळा संपल्यावर तो आपल्या आपण उठून बाहेर येऊन बसला. का, ते तिला कळलं नाही. म्हणूनच ते पुन्हा कशाने सुरू होईल, हेही तिला सांगता आलं नसतं.

बोट दिसली ती बापूरावांमुळे. बापूराव काळभोर फाउंड्रीतले जुने सोबती, लोणी काळभोरचे. मार्च महिन्यात एका साखरपुड्याला ते रामदासला आग्रहाने खडकवासल्याच्या वरच्या बाजूला घेऊन गेले. तिथे धरणाच्या काठी जांभळाखाली ती बोट उलटी पडली होती. महिपती नावाच्या माणसाने पर्यटकांना फिरवायला ती घेतली होती. धंदा चालला नाही. पावसाळ्यात बोट बांधल्या जागी बुडाली आणि दोन वर्षं गाळात राहिली. पाणी उतरलं तेव्हा बैल लावून वर ओढली. सोळा फूट लांब, सागवानी फळ्यांची. महिपती ती कुणालाही द्यायला तयार होता. किंमत अशी काही नव्हतीच, हडपसरला आणायचा टेंपोच तिच्याहून महाग पडला असता.

रामदास घरी आला आणि जेवताना बोलू लागला. बोटीच्या फळ्या एकमेकींवर कशा चढवल्या आहेत, आतल्या फासळ्या कशा वाकवल्या असतील, पाणी शिरलं ते नेमकं कुठून. हिरा ऐकत राहिली. त्याच्या ताटातली भाजी संपली म्हणून तिने आणखी वाढली, तीही त्याने खाल्ली. बापूरावांच्या शेताच्या कडेला पत्र्याची शेड रिकामी होती, तिथे काम करायचं त्याने ठरवून टाकलं होतं. बोट झाल्यावर तिचं काय करायचं, ते तो बोलला नाही आणि हिराने विचारलं नाही. लहानपणी शाळेसाठी त्याला डोंग्यातून नदी ओलांडावी लागे आणि त्यांच्या वस्तीतल्या मुलांना सगळ्यांच्या शेवटी बसायला मिळे, एवढं तिला सासूबाईंकडून ठाऊक होतं. त्याचा आणि या बोटीचा काही संबंध असलाच, तर तो त्याच्या मनातच होता.

राजनंदिनीला फोनवर सगळं सांगितलं, तर ती खूश झाली.

"आई, करू दे ना त्यांना. वर्स्ट केस काय होईल? बोट होणार नाही, एवढंच ना?"

वाईटात वाईट काय होईल, ते हिराला फोनवर सांगता येईना. तो पावसाळा राजनंदिनीने चार दिवसच पाहिला होता. हिराने तो पूर्ण पाहिला होता. बोट म्हणजे काही हाताएवढा पॅटर्न नव्हे. सहा महिने, वर्ष काम चालणार, आणि मग एखादी फळी बसणार नाही, एखादा सांधा गळणार, आणि हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. या वेळी तो उठेलच कशावरून? त्यापेक्षा सुरुवात होण्याआधीच थांबलेलं बरं. आता थोडं वाईट वाटेल, आठवडाभर गप्प बसेल, मग विसरेल. पण नको म्हणायची तिची हिंमत होत नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी हवं होतं. ते बायकोने नाकारलं, असं तिला होऊ द्यायचं नव्हतं.

तिच्या कचेरीतल्या दुर्गाबाईंनी संभाजीचं नाव सुचवलं. शनिवार पेठेत नदीच्या बाजूला एका खोलीत तो राहायचा. एका कॉलेजच्या बोट क्लबात त्याने तीस वर्षं बोटी दुरुस्त केल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत हिरा त्याच्याकडे गेली. सगळं सांगितलं, पॅटर्न परत आला ते, भिंतीचं, दाराच्या कडीचंसुद्धा. जे बहिणीला सांगितलं नव्हतं, ते अनोळखी माणसाला सांगून झालं. मग म्हणाली, की तुम्ही बोट पाहायला या आणि ती कामातून गेली आहे असं सांगा.

खोटं सांगायचं संभाजीच्या जिवावर आलं होतं. शेवटी तो म्हणाला, की बहुतेक खोटं बोलायची वेळ येणारच नाही. दोन वर्षं गाळात पडलेल्या बोटीत काय राहणार? येतो.

घरी हिराने रामदासला सांगितलं, की घ्यायचीच तर एकदा जाणत्या माणसाच्या नजरेखालून घालू. रामदासने तिच्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाला.

एप्रिलच्या एका रविवारी तिघं बसने खडकवासल्याला गेले. महिपती जांभळाखाली खुर्च्या टाकून बसला होता. संभाजीने आल्या आल्या कामाला सुरुवात केली. छोट्या हातोडीने फळी फळी वाजवली. चाकूचं टोक खुपसून पाहिलं. मग बोटीच्या तळातून पुढून मागे गेलेल्या जाड वाशापाशी, ज्याला तो कणा म्हणत होता, तिथे आला आणि गुडघे टेकून अर्धा तास तिथेच राहिला. रामदास त्याच्या मागे दोरीने मापं घेत होता. मधेच महिपती काहीतरी बोलला आणि रामदास मोठ्याने हसला. हिराने चमकून तिकडे पाहिलं.

संभाजी हात धुवायला पाण्याकडे गेला, तेव्हा हिरा पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे गेली.

"बाई, बोट चांगली आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"आणि कणा?"

"एकदम शाबूत. चार फळ्या गेल्यात, तीन फासळ्या गेल्यात. बाकी घासून पुसून घेतलं की झालं. चांगल्या हाताचा माणूस असेल तर दिवाळीनंतर पाण्यात सोडेल." त्याने हात झटकले. "तुमच्या मिस्टरांचा हात कसा आहे?"

पंचवीस वर्षं कुणीही हा प्रश्न विचारला असता, तर हिराने विचारणाऱ्याला खुळ्यात काढलं असतं. आता तिच्या डोळ्यांसमोर ते दोन सूत आले. झाडाखाली रामदास दोरीला गाठ मारून माप धरत होता. त्याची बोटं थरथरत होती का? इतक्या लांबून दिसत नव्हतं.

"तुम्ही मला कबूल केलंय," ती म्हणाली.

"केलंय. म्हणून तर पुन्हा विचारतोय, तसंच सांगू का?"

"तसंच सांगा."

संभाजी तिच्याकडे न बघता चढ चढून वर गेला. रामदास आणि महिपती दोघंही उभे राहिले. तो म्हणाला, की कणा गेलाय. वरून कळत नाही, पण आत भुसा झालाय. हिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की क्षणभर हिराचाही विश्वास बसला.

ती रामदासकडे बघत होती. तो वाद घालील, असं तिला वाटलं होतं. फाउंड्रीत एका सुतासाठी तो इंजिनिअरांशी तासन्‌तास भांडायचा. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत पटाशी होती. दोन पावलं पुढे होऊन त्याने ती कण्यात खुपसली असती, तरी खरं-खोटं झालं असतं. पण तो जागचा हलला नाही. त्याने संभाजीकडे पाहिलं, मग हिराकडे, आणि दोरी गुंडाळायला घेतली.

"बरं," तो म्हणाला. मग महिपतीकडे वळून, "तुमचा वेळ घेतला."

परतीच्या बसमध्ये त्याने हिराला खिडकीची जागा दिली. स्वारगेटला उतरल्यावर संभाजीला आग्रहाने उसाचा रस पाजला, त्याचे आभार मानले. संभाजीने अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि काम असल्याचं सांगून निघून गेला.

पुढचे दिवस हिराने श्वास रोखून काढले. पण रामदास आडवा झाला नाही. सकाळी उठायचा, पेपर वाचायचा, मंडईत जाऊन भाजी आणायचा. संध्याकाळी ती आली की चहा तयार असायचा. तो बोटीचं नाव काढत नव्हता. एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात तिला झोप नीट लागू लागली. आपण केलं ते बरोबर होतं, वाईट टळलं, असं तिने स्वतःला सांगितलं. दुर्गाबाईंनाही सांगितलं.

मे महिन्यात एका रविवारी बापूराव आले. रामदास न्हाव्याकडे गेला होता. बापूरावांनी पाणी प्यायलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याशी खेळत बसले.

"वहिनी, त्याची हत्यारं माझ्याकडं हायेत," ते म्हणाले. "पेटीसकट आणून ठिवली. म्हनला, तुझ्याकडंच राहू दे. मला ती काय करायचीत?"

हिरा उठून आत गेली आणि पलंगाखाली वाकून पाहिलं. पेटीची जागा रिकामी होती. फरशी तिथे पुसूनही घेतलेली होती. ती बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, की बोटीचा कणाच गेलेला निघाला, त्यामुळे त्यांचं मन उडालं असेल.

"कणा कुठं गेलता?" बापूराव म्हणाले. "आमी दोघं तीनदा जाऊन आलो हुतो आधी. त्यानं पटाशी लावून बघितला हुता कणा. दगडावानी हाय म्हनला."

हिराने विचारलं, "मग ते तिथे बोलले का नाहीत?"

"म्या बी हेच इचारलं." बापूरावांनी टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "म्हनला, हिरानं त्या माणसाला सांगून आणलं हुतं. ती उगाच कुनाला खोटं बोलायला लावनार न्हाई. माझा हात तिच्याइतका कुनी बघितलेला न्हाई. ह्याच्यानं हुनार न्हाई, आसं तिला वाटत आसंल, तर न्हाईच हुनार."

ते सांगून बापूराव लगेच उठले. रामदास येईपर्यंत थांबा, असं हिरा म्हणालीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत रजा कळवली आणि घरी काही न सांगता खडकवासल्याला गेली. बसमध्ये ती मनाशी वाक्यं जुळवत होती. बोट मीच घेतली, उद्या टेंपो येतोय, असं सांगायचं. चिडले तर चिडू देत. वर्षभराने भिंतीकडे तोंड केलं, तर तेव्हाचं तेव्हा बघू.

जांभळाखाली बोट नव्हती. गवतावर तिच्या आकाराचा पिवळा पट्टा होता आणि त्यात गंजके खिळे पडले होते. महिपती घरातून बाहेर आला. त्याने हिराला ओळखलं.

"ती तर वीटभट्टीवाल्याला दिली," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात कापून नेली."

"कापून?"

"मंग? तुमीच जाणता माणूस आणला हुता न्हवं? माझ्यादेखत सांगितलं त्यानं, कणा गेलाय म्हणून. आणखी एक गिऱ्हाईक यायचं हुतं, मीच त्येला नको म्हणून कळवलं. कशाला कुनाला फशी पाडा?" मग काहीतरी आठवून तो म्हणाला, "पण त्या मधल्या वाशात करवतीचं पातं मोडलं बघा. सडक्या लाकडात पातं कसं मोडलं, कुनास ठाऊक."

तो तिला बसायला खुर्ची आणत होता. ती नको म्हणाली आणि रस्त्याकडे चालू लागली. बसला वेळ होता. थांब्यावर सावली नव्हती. संभाजीला दोष द्यावा, असं तिला थोडा वेळ वाटलं, पण त्याने तर दोनदा विचारलं होतं.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं. रामदास खुर्चीत पेपर वाचत होता. मी बोट घ्यायला गेले होते म्हणाली, बोट कापून भट्टीत घातली म्हणाली, आणि मग मागचं सगळं. शनिवार पेठेतली खोली, पाण्याकाठचं बोलणं. कण्यात पातं मोडल्याचंही सांगितलं. तेवढं लपवावं असं वाटलं होतं, पण आता तिला काही लपवता येत नव्हतं. रामदासने पेपरची घडी घातली.

"काहून गेलीस एवढ्या उन्हात?" तो म्हणाला.

"मी चुकले हो."

"मला माहीत होतं."

"मग तिथेच का नाही बोललात? माझ्यावर ओरडायचं होतं. त्या दोघांसमोर ओरडला असता तरी चाललं असतं मला."

रामदास गॅलरीबाहेर बघत राहिला. समोरच्या शेतांच्या जागी आयटी पार्कच्या इमारती उठत होत्या. एका क्रेनला लोंबणारी तुळई सावकाश फिरत होती.

"मलाही खात्री नव्हती, हिरा," तो म्हणाला. "सुरुवात तर केली असती. पण मनातून भ्यायलो होतो. तू त्या माणसाला बोलायला लावलंस, म्हणून सुटलो मी."

हिराने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हे खरं होतं, की तिला बरं वाटावं म्हणून तो बोलला होता? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याचा चेहरा तिला वाचता येत होता. आज येईना. तिने पुन्हा विचारलं असतं, तर त्याने पुन्हा तेच सांगितलं असतं. आणि बोट असती, तर दिवाळीनंतर कळलं असतं. आता ते कळायचा कुठलाच मार्ग उरला नव्हता. तिने चप्पल काढली आणि मोरीत जाऊन पायांवर पाणी घेत उभी राहिली. पाय गार झाले तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

पावसाळा आला आणि गेला. रामदासने भिंतीकडे तोंड केलं नाही. ज्याला ती भीत होती, ते झालंच नाही. तो भाजी आणत होता, चहा करत होता, सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची वेळ सांभाळत होता. मास्तर आता त्याला जिन्यात काही विचारत नसत. राजनंदिनी फोनवर म्हणाली, की बाबा किती नॉर्मल वाटतात. हिरा हो म्हणाली.

ती मात्र पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचू लागली होती. वानवडीत कुणाचं तरी शिसवी कपाट होतं, पुरात भिजलेलं. कोंढव्यात जुना झोपाळा होता. एकदा मुंबईच्या एका क्लबाने लाकडी होड्या विकायला काढल्याचंही तिला दिसलं. अशा जाहिरातीला ती पेनने गोल करायची आणि पेपर त्याच्यासमोर ठेवायची. रामदास चष्मा लावून जाहिरात नीट वाचायचा. शेवटचा फोन नंबरसुद्धा वाचायचा. मग पेपर तिच्याकडे सरकवून म्हणायचा, "बघू."

ती दोन दिवस थांबायची. मग रद्दी आवरताना तो पेपर वरती राहील, अशी काळजी घ्यायची.